मयतीची बातमी फक्त अ‍ॅडमिन टाकेल

प्रेमानंद तायडे एसटीत कंडक्टर होता. नोकरी संपली तरी त्याच्यातला कंडक्टर काही निवृत्त झाला नव्हता. घरी पाहुणे आले की तो आधी मोजायचा आणि मग बसवायचा. पंगतीत कुणी मधली जागा सोडून बसलं की 'आत सरका, आत सरका' हे त्याच्या तोंडून आपसूक निघायचं. त्याची बायको सारिका म्हणायची, यांच्या डोक्यातली घंटी अजून कुणी काढून घेतलेली नाही. वरवट बकालच्या बाजारातून परत येताना मोटारसायकल पाठीत धक्के द्यायला लागली की समजावं सोनडोह आलं. अशा गावात शिस्तीचा माणूस नमुन्याला एखादाच असतो. तो प्रेमानंद होता. म्हणून 'आपलं सोनडोह' हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कुणाच्या तरी हाती द्यायची वेळ आली तेव्हा गावाला दुसरं नाव सुचलंच नाही.

ग्रुप मुळात काढला होता हर्षल देशमुखनं. हर्षलचं कृषी केंद्र होतं आणि बियाण्याची जाहिरात फुकटात व्हावी एवढाच त्याचा हेतू होता. पण नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मागेल त्याला त्यानं अ‍ॅडमिन करून टाकलं, आणि न मागणाऱ्यालाही वाईट वाटू नये म्हणून केलं. मग सकाळी फुलं, दुपारी देव आणि संध्याकाळी भांडणं असा ग्रुपचा दिनक्रम ठरून गेला. कुणी म्हैस विकायला काढली तर म्हशीच्या फोटोखाली 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' यायचं. हे सगळं गावानं सहन केलं. सहन झालं नाही ते फकीर मोहम्मद यांचं प्रकरण.

फकीर मोहम्मद गावचे टेलर. एका सकाळी कुणीतरी ग्रुपवर विचारलं, फकीरभाई दुकानात आहेत का, पायजमा शिवायला दिला होता. शेजारच्या पानवाल्यानं उत्तर दिलं, 'फकीरभाई गेले.' तो खरंच बोलला होता. फकीरभाई पहिल्या गाडीनं मलकापूरला अस्तराचं कापड आणायला गेले होते. पण मराठीत गेलेल्या माणसाची दोनच ठिकाणं असतात, आणि ग्रुपनं त्यातलं लांबचं धरलं. श्रद्धांजल्या सुरू झाल्या. हात जोडले गेले, मेणबत्त्या लागल्या, 'एक दिलदार माणूस हरपला' असं तीन वेगवेगळ्या लोकांनी एकाच शुद्धलेखनात लिहिलं. पायजमावाल्यानंही हात जोडले आणि खाली विचारलं की कापड आता कुणाकडून घ्यायचं. दुपारपर्यंत रोहिणखेडहून त्यांची बहीण जीप करून रडत आली.

संध्याकाळी फकीरभाई गाडीतून उतरले तर दारात ही गर्दी. त्यांनी गठ्ठा खाली ठेवला, टोपी नीट केली आणि हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं बाप्पा?"

कुणाला सांगता येईना. शेवटी बहिणीनं त्यांना घट्ट धरलं आणि गालावर दोन चापट्याही मारल्या, तेव्हा त्यांना उलगडा झाला. ते काही रागावले नाहीत. म्हणाले, "आलेच आहा तं चाय पिऊन जा. पुन्हा याचं काम पडन तवा पडन."

दुसऱ्या दिवशी पारावर बैठक बसली. हर्षलनं हात वर केले. सगळ्यांचं अ‍ॅडमिनपण काढलं गेलं आणि प्रेमानंद एकटा अ‍ॅडमिन झाला. एवढी वर्षं खच्चून भरलेली गाडी ज्यानं सांभाळली त्याला चारशे माणसांचा ग्रुप जड नाही, असं सरपंच म्हणाले. प्रेमानंद वरवर नको नको म्हणत होता, पण आतून त्याचं मन भरून आलं होतं. तो ज्या वस्तीतून आला होता त्या वस्तीतल्या माणसाच्या हाती गावानं गावाचं काही आपणहून दिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

नियम त्यानं घरी बसून लिहिले. भाषा शोधावी लागली नाही. ती आयुष्यभर त्याच्या डोळ्यांसमोर पत्र्यावर रंगवलेली होती. चालत्या विषयात मध्येच चढू नये. सभासदाने आपल्या सामानाची जबाबदारी स्वतः घ्यावी, म्हणजे पुढे ढकललेला मेसेज खोटा निघाला तर 'मला दुसऱ्याने पाठवला' ही सबब चालणार नाही. ग्रुपमध्ये थुंकू नये, म्हणजे शिवीगाळ करू नये. सभासद व्हायला माणूस गावचा हवा, किंवा गावात आलेली सून, किंवा गावातून दिलेली लेक. जावयांना हाफ तिकीट होतं. त्यांनी वाचावं, लिहू नये. नियम मोडला तर एकदा समज, आणि पुन्हा मोडला तर गाडीखाली. परत चढायचं असेल तर पारावर येऊन चारचौघांत चूक कबूल करायची. फकीरभाईंच्या प्रकरणावरून शेवटचा नियम आला. तो त्यानं ठळक अक्षरांत टाकला: मयतीची बातमी फक्त अ‍ॅडमिन टाकेल, खात्री करूनच टाकेल.

लोक आधी हसले. मग सरपंचाच्या सख्ख्या भावानं लॉटरीची लिंक टाकली, समज मिळूनही पुन्हा टाकली, आणि प्रेमानंदनं त्याला खाली उतरवलं. भाऊ पारावर आला, चूक कबूल केली आणि परत चढला. त्यानंतर कुणी हसलं नाही.

या ग्रुपचा सर्वांत निष्ठावान सभासद होता प्रेमानंदचा बाप, कचरू. वय झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान तिखट. नातीनं, म्हणजे समतानं, खामगावच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात आज्याला मोबाइल घेऊन दिला होता. कचरूला वाचता येत नव्हतं म्हणून प्रेमानंद प्रत्येक सूचना लिहून झाल्यावर तीच आपल्या आवाजात बोलूनही टाकायचा. कचरू दारातल्या खाटेवर बसून ती ऐके, आणि मोबाइलकडे पाहून 'हाव' असा होकार देई. पोरगा आत स्वयंपाकघरात असला तरी. कुणी भेटायला आलं की त्याला तीच सूचना पुन्हा वाजवून दाखवी. "आवाज पाहा," म्हणे, "गाडीत मागच्या शिटावर ऐकू जाये."

मयतीचा नियम गावाला मनापासून आवडला. कुणाकडे काही झालं की प्रेमानंद आधी स्वतः जाऊन यायचा, घरच्यांना विचारून नाव, वय, नेण्याची वेळ, कुठून निघणार हे सगळं टिपायचा आणि मग चार ओळी टाकायचा. 'दुःखद निधन' हे दोन शब्द, खाली माहिती, बस. मेणबत्ती नाही, कबुतर नाही. लोक म्हणत, मरावं तर सोनडोहात, बातमी तरी धड लागते. हळूहळू घरचेही सांगू लागले, प्रेमानंदभाऊ, बाहेरगावच्या पाहुण्यांनाही तुम्हीच फोन करा, तुम्ही नीट सांगता, आमच्यानं बोलवत नाही. तोही करू लागला. ज्यांना फोन लागत नसे त्यांच्याकडे मोटारसायकल काढून जाऊनही यायचा. दुःखात माणसं आपल्याकडे येतात याचं त्याला समाधान होतं, आणि ते खोटं समाधान नव्हतं. सारिका एकदा म्हणाली, "पेट्रोल आपलं जाते."

"मानसाच्या कामी जाते," तो म्हणाला.

मग ऐन उन्हाळ्यात हर्षलचे वडील वारले. मोठं घर, दूरवर पसरलेले सोयरे. प्रेमानंदनं बातमी टाकली, अकोटपासून मेहकरपर्यंत सगळ्यांना फोन केले, आणि एका म्हाताऱ्या आत्याचा फोन बंद लागला म्हणून उन्हातान्हात तिच्या गावी जाऊन सांगून आला. तेरवी झाल्यावर हर्षलची आई पुष्पाबाई यांनी त्याला मागच्या दारी बोलावलं. सुपात ज्वारी भरून ठेवली होती, वर गुळाचा खडा.

"घे प्रेमानंदा," त्या म्हणाल्या. "लय फिरला तू आमच्यासाठी. तसं पाठवू नाई. माही सासू बी देत जाये."

त्यांच्या मनात अपमानाचा कणही नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. प्रेमानंदनंही फार विचार केला नाही. म्हातारी प्रेमानं देतेय, नाही कशाला म्हणा, असं म्हणून सूप डोक्यावर घेऊन तो घरी आला.

कचरू खाटेवर बसला होता. डोळ्यांनी त्याला धड दिसत नव्हतं, पण सूप खाली ठेवल्याचा आवाज त्यानं ओळखला. हात पुढे करून त्यानं ज्वारी चाचपली, मग गुळाचा खडा लागला, आणि त्यानं हात मागे घेतला.

"कोन देल्ली?"

"पुष्पाकाकूनं."

"कायची?"

"मयतीचं सांगत फिरलो ना मी, म्हनून."

कचरूनं ज्वारी लागलेला हात धोतराला पुसला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "हे बलुतं होय बे."

प्रेमानंदला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याला वाटलं आपण सूप परत उचलावं आणि कुठंतरी लांब नेऊन ठेवावं.

"माहा बाप कडूबा," कचरू म्हणाला. "गावात कोनाचीबी मयत होवो, सांगावा त्यानंच न्याचा. पुरात न्याचा, तापात न्याचा. नाई म्हनाची सोय नाई, गावकीचं काम. मंग आमी दीक्षा घेतली अन् बापानं पारावर उभं राहून सांगतलं, आजपासून मेल्याचा सांगावा आमी नेनार नाई, ज्याचं मानूस त्यानं सांगाव. त्या दिवसापासून गावानं मीठ बंद केलं, दळन बंद केलं. मी लहान होतो. वरवटच्या बाजारातून मीठ आनलं आमी, पायी. पन बापानं पुन्हा सांगावा नेला नाई." त्यानं तोंड पोराकडे वळवलं. "अन् तू पेन्शन घेऊन तेच करून राह्यला. नियम काहाडून करून राह्यला."

"बाबा, मोबाइलवर टाकतो मी. अ‍ॅडमिन हाओ मी."

"आधी काठी होती, आता मोबाइल हाय," कचरू म्हणाला. "मले उतरव त्या ग्रुपातून."

प्रेमानंदनं समजावलं की उतरायचं तर ज्याचं त्याला उतरता येतं, एक बटण दाबायचं असतं. कचरू म्हणाला, मी सोताहून चढलो नव्हतो, तू बसवलं, तूच उतरव. बापाला गाडीखाली उतरवायचा नियम प्रेमानंदनं लिहिलेला नव्हता. त्यानं उतरवलं नाही. कचरूनं मोबाइल उशाखाली घालून ठेवला आणि खाटेचं तोंड रस्त्याकडून भिंतीकडे केलं. पोराशी बोलणं त्यानं जेवणापुरतं ठेवलं, आणि तेही सारिकेच्या मार्फत.

ज्वारी प्रेमानंद परत घेऊन गेला. पुष्पाबाई चकित झाल्या. "घरची ज्वारी हाय रे, घे ना. माह्या हातून काई चुकलं का?" तो नाही म्हणाला. "आमचे बाबा..." एवढंच म्हणाला आणि सूप पुढं केलं. त्या म्हणाल्या, "माही सासू सांगे, कचरू लहान होता तवा तुहा आजा याच दारी..." आणि म्हणता म्हणता थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सूप स्वतःच्या हातांनी घेतलं आणि आत गेल्या.

पुढचे कितीतरी दिवस प्रेमानंद स्वतःशीच भांडत राहिला. जग कुठं चाललंय, म्हाताऱ्याच्या डोक्यात अजून तेच. आपल्याला कुणी जबरदस्ती केली का? नाही. कुणी हलकं बोललं का? उलट भाऊ भाऊ करतात. सरपंच खुर्ची देतात. हे सगळं तो सारिकेला भाजी निवडता निवडता ऐकवत होता. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लग्नाच्या बातम्या कोन टाकते?"

"ज्याचं त्याचं घर टाकते. लग्नाले काय अ‍ॅडमिनची खात्री पाह्यजे?"

"तेच म्हनते मी," सारिका म्हणाली. "देशमुखाच्या पुतनीचं लग्न झालं, कार्ड हर्षलनं सोता टाकलं, घरोघर फोन सोता केले. तुम्हाले म्हने का, प्रेमानंदभाऊ, अकोटच्या पाहुन्याईले तुम्ही आवतन द्या? लग्न झालं तं त्याईच्या तोंडानं, मेलं तं तुमच्या." आणि ती निवडलेली भाजी धुवायला उठली.

प्रेमानंदनं मोबाइल काढला आणि ग्रुप मागे मागे सरकवत नेला. बारसं, ज्याच्या घरचं त्यानं टाकलेलं. मुंज, ज्याच्या घरची त्यानं. नवा ट्रॅक्टर, मुलीची नोकरी, वास्तुशांती, सगळी आपापल्या घरच्या तोंडून. मधेमधे त्याच्या चार-चार ओळी, सगळ्या एकाच मथळ्याच्या. त्याला लाज वाटली. गावाची नाही, स्वतःची. एवढा नियम आपण स्वतः, चांगल्या अक्षरात, कुणी न सांगता लिहिला, याची.

दुसऱ्याच सकाळी त्यानं शेवटचा नियम बदलला. ज्याच्या घरी मयत, त्यानेच बातमी टाकावी व पाहुण्यांना कळवावे. अ‍ॅडमिन येईल, खांदा देईल, लाकडं फोडेल, पण सांगावा नेणार नाही. 'सांगावा' हा शब्द त्यानं मुद्दाम लिहिला.

ग्रुपवर एकच गिल्ला झाला. चांगलं चाललं होतं त्यात खोडा कशाला. भाऊंना आता कंटाळा आला वाटतं. पुन्हा खोट्या बातम्या सुरू होतील. दोन-तीन म्हाताऱ्यांना शब्द समजला. ते गप्प बसले. फकीरभाईंनी आवाजात टाकलं, "बरोबर हाय. मी खरंच मेलो तं माहा पोरगा बिलाल सांगन. त्यानं सांगतलं तं लोक भरोसा तरी ठेवतीन." एवढ्यावर वाद मिटला, कारण फकीरभाईंना या विषयातला अनुभव होता.

प्रेमानंदनं बापाच्या खाटेपाशी बसून नवा नियम वाचून दाखवला. त्याला वाटलं होतं बाप त्याच्या पाठीवर हात ठेवील. कचरूनं भिंतीकडे पाहतच ऐकलं.

"नियम तुहा बदलला," तो म्हणाला. "गावाचा बदलला का ते पाह्यू. कोनाकडे मयत होऊ दे."

तूर सोंगणीला आली तेव्हा पुष्पाबाई गेल्या. सकाळी सुनेकडं चहा मागितला, आणि चहा येईपर्यंतही थांबल्या नाहीत. हर्षलचा फोन आला तेव्हा प्रेमानंद अंगणात दाढी करत होता.

"प्रेमानंदभाऊ, माय गेली. टाका तेवढं ग्रुपवर. अन् अकोटच्या मामाले तुम्हीच सांगा. माह्यानं नाई होत."

प्रेमानंदनं वस्तरा खाली ठेवला. म्हातारीचा तो उतरलेला चेहरा त्याला दिसत होता. भिंतीकडं तोंड करून बसलेला बापही दिसत होता.

"हर्षल, मी आत्ता येतो," तो म्हणाला. "सारं करतो. खांदा देतो. पन सांगाचं तू सांग."

"काय म्हनता?"

"मामाले तू सांग. ग्रुपवर तू टाक. घरच्यानं सांगाव, असं ठरलं हाय."

मग हर्षल ओरडला, "माही माय मेली इथं, अन् तुम्ही नियम घेऊन बसले का?" आणि फोन बंद झाला.

प्रेमानंद अर्ध्या दाढीनं उभा राहिला. आपण दगड आहोत असं त्याला वाटलं. बस सुटताना धावत येणाऱ्या म्हातारीला पाहूनही घंटी मारणारे कंडक्टर असतात, त्यानं तसं कधी केलं नव्हतं. त्यानं ग्रुप उघडला. दुःखद निधन, असं लिहिलं. खाली नाव लिहिलं. अंगठा पाठवायच्या खुणेवर नेऊन ठेवला. मग एकेक अक्षर मागं घेत त्यानं सगळं पुसलं, मोबाइल खिशात टाकला, उरलेली दाढी केली आणि सदरा बदलायला आत गेला. गुंडी लवकर लागेना.

ग्रुपवर अजून काहीच आलं नव्हतं. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. हर्षलची गाडी त्याला आवाजावरून कळली. भांडायलाच आला, प्रेमानंदनं ओळखलं, आणि हा अंदाज चुकलाही नव्हता. हर्षल तरातरा अंगणात आला. डोळे लाल, ओठ घट्ट मिटलेले. पण प्रेमानंद आत होता. समोर होती खाट, आणि खाटेवर कचरू.

"कोन होय?" कचरूनं भिंतीकडचं तोंड वळवून विचारलं.

हर्षल उभाच राहिला. जे बोलायला आला होता ते म्हाताऱ्यासमोर त्याच्या तोंडून निघेना. आतून गुंडी लावत आलेला प्रेमानंद दारातच थबकला.

"मी हर्षल, बाबा. देशमुखाचा." त्यानं एक मोठा श्वास घेतला. "माय गेली माही."

"कवा?"

"सकाळीच. चाय मांगतला होता."

"कवा नेता?"

"चार वाजता. घरूनच निघू. नदीवर." एकेक करत त्यानं सगळं सांगितलं, आणि शेवटी आवाज फुटला. "तुम्ही याल ना?"

कचरू खाटेचा पाय धरून उठला. काठी नव्हती हाताशी, तरी तो चार पावलं चालत गेला, आणि चाचपत हर्षलच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला.

"येतो," तो म्हणाला. "तुही माय लहान होती माह्याहून. काऊन नाई येनार? बस इथं."

हर्षल खाटेवर बसला आणि रडला. प्रेमानंद दारातून बाहेर आला. सारिकेनं पाणी आणून दिलं. जरा वेळानं हर्षलनं तोंड पुसलं आणि तिथंच, कचरूच्या खाटेवर बसून, अकोटच्या मामाला फोन लावला. एकदा बोलून झालेलं पुन्हा बोलता येत होतं. मामानंतर आत्याला लावला. मग ग्रुपवर त्यानं आपल्या हातानं चार ओळी टाकल्या, मजकूर थोडा चुकला, वेळ लिहायची राहिली, ती त्यानं खाली पुन्हा लिहिली. प्रेमानंदनं चूक दुरुस्त केली नाही.

दुपारी कचरूनं धुतलेलं धोतर मागितलं. इस्त्रीचा सदरा मागितला. नदीपर्यंत तो पोराच्या खांद्यावर हात ठेवून चालत गेला, गाडीवर बसायला त्यानं नकार दिला.

नदीकाठच्या ओट्यावर देशमुखांचे पाहुणे बसले होते. म्हातारा पाहून कुणीतरी सरकून जागा केली, कचरू बसला. शेजारचा अकोटचा मामा, त्याला काही माहीत नव्हतं, बोलायचं म्हणून बोलला, "तुम्हाले ग्रुपवरूनच कळलं असन, नाई?"

"ग्रुपचं मले काई मालूम नाई," कचरू म्हणाला. कानानं चांगला असला तरी बोलायचा तो मोठ्यानं, आणि आज जरा जास्तच मोठ्यानं बोलला. "आमच्या घरी सांगावा आला होता. देशमुखाचा पोरगा सोता घेऊन आला होता."

मामानं मान हलवली. प्रेमानंद मागं उभा होता, त्यानं तोंड नदीकडे फिरवलं. कचरूनं जरा दम घेतला, आणि दुसऱ्या बाजूला बसलेल्या माणसाकडे वळून, ज्यानं त्याला काहीही विचारलं नव्हतं, त्यालाही तेच पुन्हा सांगितलं.